कुंडीतली मिरची उपाशी आहे की उन्हाने भाजली आहे?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही उत्तराचा संदर्भ लागेल. कांदिवलीला चारकोपमध्ये पाचव्या मजल्यावर पश्चिमेची गच्ची. बारा इंची काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्यांत सहा मिरच्या आणि एक कागदी लिंबू. कुंडीत लाल माती, कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) आणि गांडूळखत. फेब्रुवारीत झाडं मस्त होती. मार्चअखेर खालची पानं पिवळी पडू लागली, एप्रिलमध्ये पानांच्या कडा तपकिरी झाल्या, शेंडे आकसले, आणि आता मे लागला तर फुलं येतात नि गळतात. नळाचं पाणी कमी झाल्यामुळे महिनाभर सोसायटीत टँकर येतोय. यादरम्यान तुम्ही कुंडीमागे एक चमचा युरिया दिलात, मग १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेलं विद्राव्य खत), मग एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियमचं मीठ), मग केळीच्या सालींचं पाणी. झाड काही सुधारलं नाही. तीन फोटो टाकून विचारताय, नक्की कशाची कमतरता आहे?

माझ्या मते बहुतेक कशाचीच नाही. ताट वाढलेलं आहे, जेवणाऱ्याला ताप आहे. मुळं दुखावली की खाणं कुंडीत पडून राहतं आणि पान मात्र उपाशी दिसतं. त्यात तुमच्या मिरचीला एकाच वेळी तीन दुखणी आहेत, मीठ, उष्णता आणि कीड, म्हणून फोटो बघून प्रत्येकाने वेगळं नाव सांगितलं. गंमत अशी की प्रत्येक जण थोडाथोडा बरोबर होता.

पुढचं काही वाचायच्या आधी एक काम करा. सगळ्यात वाईट दिसणारी एक कुंडी संध्याकाळी आडवी करा, बुंधा दोन बोटांच्या बेचक्यात धरा आणि मातीचा गड्डा हळूच बाहेर काढा. मुळं बघा. पांढरी किंवा दुधाळ आणि टणक असतील तर ठीक. तपकिरी, मऊ, ओढल्यावर साल सुटून आतला दोरा हातात येत असेल तर ती मेलेली आहेत. वास घ्या. पहिल्या पावसात मातीला येतो तसा वास हवा. गटारासारखा आला तर खाली पाणी साचतंय.

हे मी इतक्या आग्रहाने सांगतोय कारण मी स्वतः एकदा सपशेल फसलो आहे. गच्चीवरच्या बागा करायला लागलो त्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट, मुलुंडची एक गच्ची. टोमॅटोचे शेंडे पिवळे, शिरा हिरव्या. मी छातीठोकपणे लोह कमी म्हणून सांगून टाकलं आणि तीन आठवडे हिराकस, म्हणजे लोहाचं मीठ, पाजत राहिलो. झाडं आणखी पिवळी. शेवटी वैतागून एक बादली उपडी केली. गड्ड्याच्या पूर्वेच्या बाजूला मुळांचं पांढरंशुभ्र जाळं आणि पश्चिमेच्या बाजूला, जिथे दुपारचं ऊन काळ्या बादलीवर थेट पडत होतं, तिथे एकही जिवंत मूळ नाही. अर्धी बादली अक्षरशः शिजली होती. नंतर स्वयंपाकघरातला थर्मामीटर त्या बाजूला दोन बोटं आत खुपसून पाहिला तर दुपारी चार वाजता ४६ अंश. मिरची-टोमॅटोची मुळं पस्तिशीच्या पुढे मंदावतात आणि चाळिशीच्या पुढे त्यांची कोवळी टोकं मरायला लागतात. जमिनीतल्या झाडाला ही अडचण नसते, वीतभर खाली माती गारच असते. कुंडीतल्या झाडाला पळायला जागा नाही. त्यात आपल्या गच्च्यांवर गळती थांबवायला पांढऱ्या चायना चिप्स, म्हणजे फरशीचे तुकडे, लावलेल्या असतात. स्लॅब थोडा कमी तापतो, पण ऊन खालून उलटून पानांवर येतं.

आता पानांकडे वळू. पिवळं पान दिसलं की आधी ते झाडावर कुठे आहे ते बघायचं, रंगाची छटा नंतर. नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम ही चार द्रव्यं झाडाला एका पानातून काढून दुसऱ्या पानात नेता येतात. टंचाई आली की जुनी पानं आपल्या ताटातलं नव्यांच्या ताटात वाढतात, घरातल्या आईसारखी. म्हणून या चारांची कमतरता खालच्या पानांवर आधी दिसते. लोह, कॅल्शियम, बोरॉन यांचं तसं नाही. एकदा पानात बसले की बसले. त्यांचा पुरवठा थांबला की शेंडा आधी बोलतो. एवढं एक डोक्यात ठेवलंत तरी निम्म्या चुका टळतील.

खालचं पान शिरांसकट सगळं एकसारखं फिकट पिवळं झालं आणि झाडही एकूण मलूल, फिकट असेल तर नत्र. खालच्याच पानात शिरा हिरव्या राहून मधली जागा पिवळी झाली तर मॅग्नेशियम. शेंड्याच्या कोवळ्या पानात हिरव्या शिरांची बारीक जाळी आणि बाकी पान पिवळं, फार झालं तर हस्तिदंतासारखं पांढरं, हे लोह. कॅल्शियम कमी पडलं की नवी पानं वेडीवाकडी येतात, आणि टोमॅटो किंवा ढोबळी मिरचीच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडतो. स्फुरदाचं म्हणाल तर पान गडद हिरवं, खालून जांभळट आणि झाड खुरटलेलं. तुमच्या फोटोंत तसं काहीच नाही, सोडून द्या.

पालाशाशी मात्र थांबावं लागेल, कारण तिथे सगळेच फसतात. पालाश कमी असला की खालच्या पानांच्या कडा पिवळ्या होऊन मग करपतात. क्षार जास्त झाले तरी कडाच करपतात! एकात द्यायचं असतं, दुसऱ्यात धुऊन काढायचं असतं. फरक असा ओळखा: पालाशाची करप खालच्या, जुन्या पानांपुरती असते. क्षारांची करप वरच्या पानांवरही दिसू शकते, पानाच्या टोकापासून सुरू होते, आणि कुंडीच्या काठावर किंवा मातीवर पांढरट पापुद्रा धरलेला असतो. तुमच्या दुसऱ्या फोटोत कुंडीच्या कडेला जी पांढरी रेघ दिसतेय, ती बुरशी नाही, मीठ आहे.

ते मीठ आलं कुठून? काही तुम्ही घातलंत, काही टँकरने. युरियात ४६ टक्के नत्र असतं आणि बारा इंची कुंडीत अख्खा चमचा म्हणजे तापलेल्या मातीत अमोनियाचा भडका. त्यावर १९:१९:१९, त्यावर एप्सम, तेही तीन आठवड्यांत. दुसरीकडे पाणी. महापालिकेचं पाणी तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांत साठलेल्या पावसाचं, त्यामुळे मऊ. टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्रावर, साधारण शंभरच्या आतबाहेर दिसतं. टँकरचं पाणी बहुतेक विहिरीचं किंवा बोअरचं, आणि पश्चिम उपनगरांत समुद्र जवळ. आठशे-हजारच्या वरचे आकडे मी स्वतः मोजले आहेत. दोन-तीनशे रुपयांत मीटर मिळतो, सोसायटीत एक घेऊन ठेवा. कुंडीत घालायचं पाणी मोजा, मग तळाच्या भोकातून निथळलेलं मोजा. निथळलेलं दुप्पट-तिप्पट निघालं तर तुमची मिरची लोणच्याच्या बरणीत उभी आहे असं समजा. आणि हात जोडून सांगतो, आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी झाडांना घालू नका. पाणी वाचवायची भावना चांगली आहे, पण त्यात मूळ पाण्यातले क्षार गोळा होऊन आलेले असतात. टँकरच्या दिवसांत तर मुळीच नको. लादी पुसायला वापरा.

धुवायला पाणी कुठून आणायचं, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. एसीचं ठिबकणारं पाणी! हवेतली वाफ थंड होऊन झालेलं ते पाणी, त्यात क्षार जवळजवळ नसतात, आणि मुंबईच्या मे महिन्यात रात्रभर एसी चालला तर बादली भरते. ते साठवा. बारा इंची कुंडीत बारा-चौदा लिटर मिश्रण मावतं, तेव्हा एका कुंडीला पंचवीस-तीस लिटर लागेल, एका सकाळी थांबत थांबत घालायचं. सहा कुंड्या एका दिवशी होणार नाहीत. रोज एक घ्या, नळाचं पाणी येईल तेव्हा त्याची भर घाला. निथळलेलं पाणी बशीत ठेवू नका, नाहीतर तेच परत वर चढेल. एकच अट: ज्या कुंडीला गटाराचा वास येतोय तिला आता पाणी नको. ती आधी सुकू द्या, तळाची भोकं सळईने मोकळी करा, मग धुवा.

याच एसीचं बाहेरचं युनिट कुठे आहे ते पण बघून घ्या. तुमच्या पहिल्या फोटोत डावीकडे त्याची जाळी दिसतेय, आणि सगळ्यात करपलेली कुंडी नेमकी तिच्यासमोर आहे. रात्री झाडाला जरा गारवा मिळायचा तर तेव्हाच त्याच्या तोंडावर गरम हवेचा झोत. ती कुंडी आजच हलवा.

आता उष्णतेबद्दल जरा सविस्तर. मुंबईत उन्हाळे दोन असतात आणि झाडाला ते वेगवेगळे त्रास देतात. पहिला मार्चचा. पूर्वेकडून कोरडा वारा येतो, समुद्रावरचा वारा दुपार उलटेपर्यंत सुटत नाही, आणि पारा एकदम अडतीस-चाळीसला टेकतो. या दिवसांत पान जितकं पाणी उडवतं तितकं मुळं ओढू शकत नाहीत. मिरचीची पानं दुपारी माना टाकतात, टोमॅटोची पानं लांबीत वर वळून पन्हळीसारखी होतात, कोवळ्या फळांवर पांढरे, कागदासारखे चट्टे पडतात. तुमची खालची पानं मार्चअखेर पिवळी पडली ती याच झटक्यात, असा माझा अंदाज. झाडाने खर्च कमी करायला जुनी पानं टाकली. त्याला नत्र कमी म्हणून युरिया मिळाला.

दुसरा उन्हाळा मेचा. पारा तेहतीस-चौतीसच, पण हवा ओलीचिंब. घाम जसा आपल्या अंगावरून सुकत नाही तसं पानालाही पाणी उडवून गार होता येत नाही. कॅल्शियम पाण्याच्या ओढीबरोबरच वर चढतं, ती ओढ मंदावली की मातीत कॅल्शियम असूनही शेंड्याला आणि फळाला मिळत नाही. म्हणून बुडाला काळा डाग दिसला की अंड्याची टरफलं कुटून घालू नका, त्यांचं कॅल्शियम सुटायला महिने जातात. पाण्याच्या वेळा नियमित करा. एक दिवस कोरडं आणि एक दिवस तुडुंब, यानेच तो डाग पडतो. मेमध्ये माती लवकर सुकतही नाही, आणि आपण मात्र पान मलूल दिसलं की पुन्हा मगभर पाणी ओततो. कोकोपीट वरून सुकून भुरकट दिसतं, खाली चिखल असतो. बोट दोन पेरं आत घाला, किंवा कुंडी एका बाजूने उचलून वजन बघा. आठवड्याभरात हाताला सवय होते.

मलूल पान कधी बघायचं यालाही महत्त्व आहे. दुपारी दोनला सगळ्यांचीच मिरची मान टाकते, त्यावरून काही ठरवू नका. सकाळी साडेसहाला बघा. तेव्हा ताठ असेल तर दुपारचं कोमेजणं हा तिचा ऊन टाळायचा मार्ग आहे. सकाळीही मान टाकलेली असेल आणि माती कोरडी असेल तर तहान. माती ओली असूनही मान टाकलेली असेल तर मुळं गेलीत, आणि तेव्हा घातलेलं पाणी शेवटचा घाव ठरतं.

फुलगळीचं दुःख मात्र करू नका. दिवसा पस्तिशीच्या आसपास आणि रात्री चोविसाच्या वर पारा राहिला की मिरचीचे परागकण नीट काम करत नाहीत, फळधारणा होत नाही, झाड फूल टाकून देतं. मेमध्ये आपल्याकडे रात्रीही पारा सव्वीस-सत्ताविसाच्या खाली उतरायला तयार नसतो. ही बोरॉनची कमतरता आहे असं सांगून कुणी टाकणखार घालायला लावला तर घालू नका. बोरॉनमध्ये कमी आणि विषारी यांच्यातलं अंतर फार थोडं असतं, चिमूटभर जास्त झालं तरी कुंडी वाया जाते.

तिसरं दुखणं आकसलेल्या शेंड्यांचं, आणि त्याचा खताशी काही संबंध नाही. हा आपला जुना चुरडा-मुरडा. पानं वर वळून वाटीसारखी झाली असतील तर बहुधा फुलकिडे (थ्रिप्स); खाली वळून उपड्या होडीसारखी, लांबट आणि देठ लांबलेले असतील तर कोळी (माइट). शेंडा पांढऱ्या कागदावर झटका. बारीक, पिवळट, काडीसारखे जीव सरपटताना दिसले तर फुलकिडे. मिरचीवरचा पिवळा कोळी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, त्याला भिंग लागतं. तुमच्या तिसऱ्या फोटोवरून मी फुलकिडे म्हणेन, पण कागद खरं सांगेल. पानांच्या खालच्या बाजूने सकाळी पाण्याची जोरदार धार मारा, दिवसाआड, आठवडाभर. मग संध्याकाळी, ऊन पूर्ण उतरल्यावर, लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून फवारा. दुपारी तेल फवारलंत तर पानं तळून निघतील. कोळ्यावर गंधक चांगलं चालतं, पण या उष्णतेत नको, पानं भाजतात. आणि एखाद्या झाडाची पानं बारीक, जाड, गुच्छासारखी झाली असतील, झाड खुंटलं असेल नि हलवल्यावर पांढरी माशी उडत असेल, तर तो विषाणू आहे. त्यावर औषध नाही. उपटा, पिशवीत बांधा, बाहेर टाका. बाकीची पाच वाचतील.

तर मी तुमच्या जागी असतो तर या आठवड्यात असं केलं असतं. कुंड्या पश्चिमेच्या कठड्यापासून मागे घेऊन एकमेकींना चिकटवून ठेवल्या असत्या, कडेच्यांची सावली मधल्यांना मिळते. खाली दोन-दोन विटा, म्हणजे स्लॅबची धग थेट बुडाला लागत नाही आणि पाणीही निथळतं. काळ्या प्लॅस्टिकभोवती जुनी पांढरी चादर किंवा गोणपाट गुंडाळलं असतं. मातीवर दोन बोटं जाडीचं आच्छादन: सुकी पानं, नारळाच्या सोडणाचे तुकडे, काहीही, फक्त बुंध्याला चिकटवू नका. दुपारी बारा ते पाच हिरवी शेडनेट, पन्नास टक्के ऊन अडवणारी. पंचाहत्तरची घेऊ नका, मिरचीला ऊन हवंच असतं. पाणी सकाळी आठच्या आत. पाइपने घालत असाल तर पाइपात उन्हात तापलेलं पहिलं पाणी बादलीत काढा, हात लावून बघा म्हणजे कळेल का सांगतोय ते. मातीच्या कुंड्यांचं विचाराल तर त्या माठासारख्या पाझरून गार राहतात, मार्चमध्ये त्यांचा खूप फायदा होतो, दमट मेमध्ये थोडा कमी.

आणि तीन आठवडे कसलंही खत नाही. केळीची सालं नाहीत, ताक नाही, दूधसाखरेचा चहाचा चोथा तर नाहीच, त्याने फक्त मुंग्या येतात. हे पाळणं सगळ्यात अवघड जातं, लोकांना काहीतरी घातल्याशिवाय चैन पडत नाही. पिवळी झालेली आणि करपलेली पानं परत हिरवी होणार नाहीत, त्यांच्याकडे बघून औषध बदलू नका. पोपटी, सरळ, डागाशिवाय नवी पानं तीन-चार आली की झाड वळलं. त्यानंतर १९:१९:१९ लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, तेही ओल्या मातीत.

लिंबाचं वेगळं आहे. त्याच्या जुन्या पानांत देठाकडे हिरवा त्रिकोण राहून बाकी पान पिवळं झालंय, हे मात्र खरोखर मॅग्नेशियम. तुमचं एप्सम मिरचीऐवजी याला द्यायला हवं होतं! लिटरला पाच ग्रॅम, संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी परत. पण त्याआधी बुंध्याजवळ सळई खुपसून बघा. नर्सरीची कलमं लाल चिकणमातीच्या घट्ट गोळ्यात येतात, उन्हात तो गोळा विटेसारखा होतो आणि पाणी त्याच्या बाजूने, कोकोपीटमधून वाहून जातं. बाहेर ओलं, गोळा कोरडा ठाक. सळई जात नसेल तर कुंडी टबात काठापर्यंत बुडवून तासभर ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत, आणि ओल्या गोळ्याला बांबूच्या काडीने आठ-दहा भोकं पाडा.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला की चित्र पालटेल. नेट पहिल्या मोठ्या सरीआधी काढा, नाहीतर पाण्याच्या वजनाने झाडांवर कोसळते. चादर आणि गोणपाट पण काढा. पावसात कुंडीतलं नत्र धुऊन जातं, आणि तेव्हा खालची पानं एकसारखी पिवळी झाली तर तो खरा नत्राचा प्रश्न असेल. मूठभर गांडूळखत आणि थोडी निंबोळी पेंड त्याला पुरते. तोवर मुळांचा एक फोटो काढून ठेवा, पश्चिमेची बाजू कुठली ते खडूने कुंडीवर लिहून.